पुढच्या टोकावरचं वजन

लग्न होऊन आझेली ग्रोबेक बायूवर, दलदलीतल्या त्या संथ खाडीकाठी आली, त्याच आठवड्यात ओव्हीदनं तिला बजावलं, "घर तुझं, चूल तुझी, कोंबड्या तुझ्या. होडीच्या इंजिनाच्या दांड्याला मात्र हात लावायचा नाही."

थट्टा करतोय असं वाटून ती हसली. तिचा बाप सगळी हयात दलदलीत सापळे लावून पाणउंदीर धरत आलेला. चालायला यायच्या आधी ती होडीत बसायला शिकली होती. पोरवयात लांब काठीनं होडी रेटत ती एकटी सापळे बघून यायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिनं सवयीनं दांडा धरला. ओव्हीदनं वल्ह्याचं पातं तिच्या बोटांवर हाणलं. करंगळी सुजली ती सुजली, पुढं वाकडीच राहिली. त्यानंतर अर्धं आयुष्य आझेलीनं दांडा धरला नाही.

ओव्हीद पेलग्रँ चारचौघांत गोड माणूस. शनिवारच्या नाचाला सगळ्यांत आधी उभा राहणार, म्हाताऱ्यांना हात देऊन चर्चमध्ये मिस्साला नेणार, कुणाचं जाळं फाटलं तर बसून शिवून देणार. घरात मात्र त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मूल झालं नाही, त्याचं खापर त्यानं तिच्यावर फोडलं, तेही पाहुण्यांसमोर. ती गंबोचा दाट रस्सा वाढत असताना तो म्हणायचा, "आमच्या दलदलीतसुद्धा काहीतरी उगवतं बघा." पाहुणे ताटात बघायचे. आझेली त्याच्या ताटात भात जरा जास्त वाढायची आणि आत जायची. दिवसा ती कोळंबीच्या शेडमध्ये कोळंबीची डोकी मोडायची. बोटं खाऱ्या पाण्यानं फाटायची, आणि रात्री त्या वासावरूनही तो तिला बोलायचा.

हिवाळ्यात बदकं उतरली की ग्रोबेकचे पुरुष शिकारीनं वेडे होतात. ओव्हीदही व्हायचा. त्याची होडी लहान होती, अरुंद आणि सपाट तळाची. तिचं जुनं इंजिन गवत आणि गाळ ओढून ओढून शेवटी बसलं. ओहोटीला तळ्यांत पाणी वीतभर आणि खाली कमरेएवढा चिखल, तिथं साधं इंजिन टिकत नाही. लांब शेपटीचं चिखलातलं इंजिन हवं, ज्याचा पंखा मागं दूर, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो. ते घ्यायला तो आझेलीला घेऊन एल्फेजच्या दुकानात गेला. एल्फेज म्हातारा होता. बायूवरचे सगळे त्याला नोंक, म्हणजे काका म्हणायचे.

"हे घे," एल्फेजनं कोपऱ्यातलं लहान इंजिन पायानं दाखवलं. "तुझ्या होडीला हे पुरे."

"हे? ह्यावर माझी आजी कॉफी दळायची, नोंक." ओव्हीद मधल्या मोठ्या धुडापाशी जाऊन उभा राहिला. त्या वर्षी त्याच्या चुलतभावानं, नॉरिसनं, तसलं मोठं इंजिन घेतलं होतं आणि धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, ओव्हीद तळ्यावर पोचेस्तोवर बदकं म्हातारी होऊन मरतात. "मला हे पाहिजे."

"नॉरिसची होडी रुंद आहे बाबा. तुझ्या होडीमागं हे टांगलंस तर तिचं ढुंगण पाण्यात नि तोंड आभाळात. जरा वेग कमी केलास की मागची लाट सरळ आत. पुढं वजन ठेवावं लागेल तुला, तेही चांगलं जड."

ओव्हीदनं मान वळवून आझेलीकडं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, बाजारात डुक्कर बघावं तसं.

"वजन घरचंच आहे की," तो म्हणाला. "इतकी वर्षं फुकट पोसलंय."

दुकानातली माणसं हसली. एल्फेज हसला नाही. त्यानं मोठं इंजिन पुसायला घेतलं आणि पुसता पुसता सांगितलं, "निदान नीट बसव. आधी फळीवरची उंची बघ. पंख्याच्या वरचा तो पत्रा आहे ना, तो तुझ्या होडीच्या मानानं वाकवावा लागतो, नाहीतर दांडा एका अंगाला ओढत राहील. आणि ही लाल दोरी मनगटात अडकवायची. पडलास तर इंजिन आपोआप बंद होतं."

ओव्हीदनं घरी येऊन चार बोल्ट आवळले आणि इंजिन चालू केलं. उंची पाहिली नाही, पत्र्याला हात लावला नाही. दांडा डाव्या अंगाला असा ओढायचा की त्याच्या दंडाच्या शिरा फुगायच्या, आणि त्याला ते आवडायचं. लाल दोरी कोटाच्या बाहीत अडकते म्हणून त्यानं तिसऱ्याच दिवशी चाकूनं कापून टाकली.

आणि आझेली पुढच्या टोकावर बसली.

नोव्हेंबर ते जानेवारी, पहाटे, होडीचं नाक जिथं निमुळतं होतं तिथं गुडघे पोटाशी घेऊन ती बसायची. वारा झोंबायचा, पाण्याचे शिंतोडे तोंडावर गोठायचे, म्हणून ती मागं तोंड करून बसायची. त्यामुळे समोर कायम ओव्हीद आणि त्याचं इंजिन. "पुढं सरक!" तो ओरडायचा. "अजून! हात बाहेर नको, मेलीस तर दुसरं वजन कुठून आणू?" तळ्यावर तो आडोशात जाऊन बसायचा आणि तिला होडीतच ठेवायचा, वर गवताची चटई टाकून. खोकली तर बदकं उडतात, म्हणून खोकायचं नाही.

धक्क्यावर तिचं नाव पडलं, पोतं. "काय रे ओव्हीद, पोतं भरून आणलंस का?" नॉरिस विचारायचा आणि कॉफी पिणारे सगळे खिंकाळायचे. एका हिवाळ्यात तापानं ती वाळली. होडीचं नाक पुन्हा वर उचलायला लागलं. तेव्हा ओव्हीदनं शेडमागची गंजलेली नांगराची साखळी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "भरून येशील तेव्हा काढू," म्हणाला. गंजाचे डाग तिच्या झग्यावर राहिले. तोच झगा घालून तिला मिस्साला जावं लागलं, कारण दुसरा नव्हता.

पण मागं तोंड करून बसल्यानं एक झालं. ती बघत राहिली. पंखा खोल गेला की आवाज कसा घोगरा होतो, वर आला की कसा किंचाळतो, दांडा ओढतो तेव्हा पत्र्याची कुठली कड पाणी कापत असते, हे सगळं तिला दिसत होतं. तो का धापा टाकतोय हे तिला कळायचं. त्याला कळत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही.

मग एका जानेवारीत बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. सकाळ वाया गेलेली, एकसुद्धा बदक मिळालं नव्हतं, आणि दोष तिच्या खोकल्याचा होता. ओव्हीद मोठ्या तळ्यातून इंजिन पूर्ण वेगात सोडून परत निघाला. त्या तळ्यात तेलवाल्यांनी कधीकाळी ठोकलेले खांब आहेत, पाण्याखाली कुजलेले. सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यालाही होते, पण तो तिला शिव्या देत होता.

खाडकन आवाज झाला. मागची शेपटी उसळून पाण्याबाहेर आली, दांडा खाली आपटला, शेपटी पुन्हा पाण्यात घुसली आणि आडवी फिरली. ओव्हीद होडीतून असा भिरकावला गेला की त्याची टोपी तेवढी मागं राहिली. इंजिन तसंच चालू, पूर्ण सोडलेलं. दांडा नेहमीप्रमाणे डाव्या अंगाला ओढला गेला, आणि होडी गोल फिरायला लागली.

ओव्हीद उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपाशी आणि पाय मांडीपर्यंत चिखलात. त्यानं एक पाय उपसायला बघितला तर दुसरा आणखी रुतला. होडीनं एक फेरा पूर्ण केला आणि ती त्याच्या बाजूनं हातभर अंतरावरून गेली.

"मागं ये! दांडा धर!"

आझेली उठली. तिनं गुडघा उचलून मागं टाकला मात्र, मागची फळी खाली बसली आणि थंड पाणी फेसाळत आत आलं. ती पुढं सरकली. पाणी थांबलं.

"नको, हलू नकोस! बस तिथंच!" दुसरा फेरा. तो श्वास धरून खाली बुडाला आणि पंखा त्याच्या डोक्यावरून गेला. वर आला तेव्हा त्याच्या तोंडावर गाळ होता. "नळी! आझेली, नळी काढ! पेट्रोलची नळी!"

टाकी होडीच्या मध्यावर होती. तिथून निघालेली काळी नळी तिच्या हाताच्या अंतरावर होती. तिनं हात पुढं केला. नळीच्या टोकाची खिटी बोटांत धरली. आणि ती थांबली.

नंतर तिनं कधी स्वतःशीसुद्धा असं म्हटलं नाही की आपण गोंधळलो होतो. ती गोंधळली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिला तिचं नाव घेऊन हाक मारत होता, आणि तिला ती हाक पुन्हा ऐकायची होती. होडी आली, गेली. "आझेली!" तो बुडाला, वर आला. होडी पुन्हा आली. "आझेली, अगं नळी!" ऊन छान पडलं होतं. वेताच्या गवतावर एक बगळा बसला होता, तो उडालाही नाही.

मग तिनं खिटी दाबून नळी ओढून काढली.

इंजिन थांबलं नाही. नळीतलं पेट्रोल गेलं तरी आत साठलेलं उरतं, ते जळेपर्यंत पंखा फिरतच राहतो. हे तिला माहीत नव्हतं. आता मात्र ती सुद्धा ओरडायला लागली, "खाली जा! ओव्हीद, खाली!" पण तो दमला होता. त्यानं उजवा हात वर केला, होडीची कड धरायला असेल किंवा तिला थांब म्हणायला असेल. इंजिन आचके देत होतं. शेवटच्या फेऱ्यात पंख्यानं तो हात घेतला, आणि दहा-बारा वाव पुढं जाऊन इंजिन बंद पडलं.

पुढचं सगळं तिनं केलं. काठीनं होडी त्याच्यापाशी नेली, त्याचाच पट्टा त्याच्या दंडावर आवळला, चिखलातून त्याला उपसून होडीच्या पुढच्या टोकात घातलं. त्याच्या वजनानं नाक खाली बसलं. मग ती मागं गेली, नळी बसवली, कळ दाबली आणि दांडा धरला. तो डावीकडं असा ओढत होता की तिला तो गुडघ्यानं अडवावा लागला. तशीच ती धक्क्यावर पोचली. वाटेत ओव्हीद शुद्धीवर होता. तो तिच्याकडं बघत होता.

हूमा गावच्या इस्पितळात त्याचा हात कोपराच्या वर कापावा लागला. फादर भेटायला आले, नातेवाईक आले. येईल त्याला ओव्हीद सांगायचा, "ही बसून होती. मी नळी काढ म्हणून ओरडतोय, नि ही बघत बसलीय."

लोक त्याच्या डाव्या खांद्यावर थोपटायचे. एकट्या बाईनं एवढ्या माणसाला चिखलातून ओढून आणलं, पट्टा आवळला, इंजिन हाकलं, आणि हा असं बोलतो. शुद्ध हरपलेली असेल, बिचारा. बरा होऊन तो धक्क्यावर गेला तेव्हा तिथंही त्यानं तेच सांगितलं, मोठ्यानं, कॉफीचा कप डाव्या हातात सांडत.

"अरे, पण पोत्याला कान असतात होय?" नॉरिस म्हणाला.

सगळे इतके हसले की एकाच्या नाकातून कॉफी आली. आझेली तिथंच उभी होती. तीही हसली. ओव्हीद पुन्हा कधी धक्क्यावर गेला नाही.

घरी त्यानं एकदाच विचारलं. ती कोळंबी सोलत होती.

"तुला ऐकू आलं होतं ना?"

"आलं होतं," ती म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

पुढच्या ऑक्टोबरात तिनं ते धूड काढून एल्फेजकडं नेलं आणि बदल्यात लहान इंजिन मागितलं.

"किती ताकदीचं?" एल्फेजनं विचारलं. "थोडं मोठं बघतेस का? वारं असलं की बरं पडतं."

"मला एकटीला फळीवर चढवता-उतरवता आलं पाहिजे. दोरी ओढून चालू होणारं दे, बॅटरीचं ओझं नको. आणि पुढं काही ठेवावं लागलं तर मी ते परत आणून तुझ्या दारात टाकीन, नोंक."

म्हातारा पहिल्यांदा तिच्यासमोर हसला. "आणि लाल दोरी?"

"दोन दे."

बसवायला तिनं दोन दिवस घेतले. होडीत नेहमीचं सगळं सामान भरलं, खरी बदकं भुलवायला ठेवायच्या लाकडी बदकांच्या पिशव्या, बंदूक, पेट्रोल, आणि स्वतः मागं बसली, कारण रिकाम्या होडीवर जमवलेलं इंजिन भरल्या होडीवर फसवतं. पंखा फार खोल चालतोय असं आवाजावरून कळलं, तेव्हा फळीवर सायप्रसच्या लाकडाची एक पट्टी ठोकून इंजिन उचललं. मग पत्रा. तो जरा खाली वाकला होता, शेपटी बुडायची आणि दांडा हातातून वर जायचा. तिनं तो नखभर वर केला, एक चक्कर मारून आली, तर आता पंखा पाण्याबाहेर येऊन किंचाळायला लागला. अर्धं नख खाली घेतला. डावीकडची ओढ राहिली होती, तिच्यासाठी पत्र्याची मागची कड पकडीनं किंचित मुरगळली. बायूच्या सरळ भागात इंजिन पूर्ण सोडलं आणि दांड्यावरची बोटं एकेक करून उचलली. शेवटी फक्त वाकडी करंगळी टेकलेली राहिली. होडी सरळ चालली.

ओव्हीद ओसरीवरच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होता.

त्या हंगामात ती रोज जायला लागली. सुरुवातीलाच एका पहाटे निघण्याआधी तिनं पत्र्याचे नट हातानं चाचपले. बापानं तिला सापळ्यांची प्रत्येक कडी तपासायला शिकवलं होतं, तीच सवय. दोन नट ढिले होते. अर्ध्या तळ्यात पत्रा निखळला असता, शेपटी बुडून दांडा उसळला असता आणि ती पाण्यात गेली असती. आदल्या संध्याकाळी तिनं ते स्वतः आवळले होते. तिनं पाना आणला, नट घट्ट केले आणि गेली. परत आल्यावर त्याला जेवायला वाढलं. त्याच्या डाव्या हाताच्या नखांत ग्रीस होतं.

"भात अजून हवा?" तिनं विचारलं.

"वाढ," तो म्हणाला.

त्यानंतर ते रोजचंच झालं. रात्री ती झोपली की तो एका हातानं, पाना दातांत धरून, कुठला ना कुठला नट ढिला करायचा. कधी पत्र्याचा, कधी फळीवरचा, एकदा तर त्यानं लाल दोरीच आतून अर्धी कापून ठेवली. पहाटे ती सगळं चाचपून नीट करायची. दोघांत याबद्दल चकार शब्द झाला नाही. ती त्याचे बूट बांधायची, मासा काटे काढून द्यायची, दर शनिवारी त्याची दाढी करायची. वस्तरा त्याच्या गळ्यावरून फिरताना तो डोळे उघडे ठेवायचा. असे बरेच हिवाळे गेले. बायूवर लोक म्हणायचे, संसार असावा तर असा.

मग एका पहाटे तिनं नट चाचपले तर सगळे घट्ट. तिनं पुन्हा एकेक बघितला. पाना लावून बघितला. दोऱ्या बघितल्या, नळी बघितली. कशालाही हात लागलेला नव्हता.

तिनं वळून त्याच्या खोलीच्या खिडकीकडं पाहिलं. पडदा ओढलेला होता. मग इंजिनाची दोरी ओढली आणि निघून गेली.

त्या दिवशी बदकं भरपूर उतरली. ती दुपारपर्यंत थांबली. घरी येऊन मागच्या पायरीवर बसून तिनं सगळी बदकं सोलली, पिसं कोंबड्यांच्या वाड्यामागं पुरली, हात धुतले. मग त्याचं दार उघडलं.

ओव्हीद पलंगाशेजारी जमिनीवर पडला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे उघडे. जिवंत होता. त्याच्या घशातून आवाज येत होता, पण शब्द होत नव्हते. जमिनीवर त्यानं डाव्या हाताच्या नखांनी दाराच्या दिशेनं ओरखडे काढले होते.

"सकाळीच आणायला हवं होतं," इस्पितळात डॉक्टर म्हणाला.

"सकाळी मी घरी नव्हते," आझेली म्हणाली.

तो दोन रात्री काढून गेला. मातीला सगळी ग्रोबेक बायू आली. नॉरिस रडला. एल्फेज आता चालत नव्हता, त्याला खुर्चीतून आणलं होतं. त्यानं आझेलीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि काही विचारलं नाही. नंतर घरी ओसरीवर फळ्या टाकून पंगत बसली. आझेलीनं त्याच बदकांचा गंबो केला होता, आणि ती स्वतः प्रत्येकाला वाढत फिरली. फार चांगला झाला होता. नॉरिसनं तीनदा मागून घेतला.